स्टेंट टाकला, पेशंट स्टेबल आहे: यानंतर काय विचारायचं

कॅथलॅबचं, म्हणजे हृदयाच्या नसा तपासून उघडायच्या खोलीचं, दार उघडतं, डॉक्टर मास्क खाली करतात आणि सांगतात, "मेजर अटॅक होता. मोठी नस पूर्ण बंद होती. उघडली, स्टेंट टाकला. पेशंट आता स्टेबल आहे." बाहेरच्या बाकड्यांवरचे सगळे एकदम उठतात, कुणी हात जोडतं, कुणी गावाकडं फोन लावतं. डॉक्टर पुढच्या केसला आत जातात आणि मग गर्दी माझ्याकडं वळते: "सिस्टर, म्हणजे धोका टळला ना आता?"

मी मिरजेत कॅथलॅबमध्ये नर्स आहे. जत, आटपाडी, कवठेमहांकाळ, शिराळा आणि सीमेपलीकडून कागवाड-अथणीचेही पेशंट आमच्याकडं येतात. या प्रश्नाला उभ्या उभ्या 'हो' म्हणता येत नाही आणि 'नाही' म्हणवत नाही. म्हणून नातेवाइकांनी काय विचारायचं, काय लिहून ठेवायचं आणि मिळालेल्या उत्तराचा अर्थ काय लावायचा, ते इथं सविस्तर सांगते. औषधांचे निर्णय तुमच्या डॉक्टरांचेच. प्रश्न मात्र तुमचे असायला हवेत.

नस उघडली हा अर्धा निकाल

मेजर अटॅक म्हणजे ईसीजीमध्ये 'एसटी' नावाचा भाग वर उचललेला दिसतो तो अटॅक. हृदयाला रक्त पुरवणाऱ्या नसेतला चरबीचा थर फुटतो, त्यावर रक्ताची गाठ धरते आणि नस पूर्ण बंद होते. त्या नसेवर जगणारा हृदयाचा स्नायू त्या मिनिटापासून मरायला लागतो. तातडीनं आत वायर घालून, बलून फुगवून, स्टेंट म्हणजे नस उघडी धरणारी बारीक जाळी बसवून ती नस उघडणं म्हणजे प्रायमरी अँजिओप्लास्टी. झुरिचमध्ये आंद्रेयास ग्रुंटझिग यांनी १९७७ साली हृदयाच्या नसेची पहिली बलून अँजिओप्लास्टी केली, ती ठरवून केलेली होती. चालू अटॅकमध्ये ती करायची पद्धत त्यानंतर काही वर्षांनी रुळली.

आमच्या हातात नस उघडणं आहे, आणि ते बहुतेक वेळा जमतं. पण मेलेला स्नायू परत येत नाही. पाटाला पाणी सोडलं म्हणून करपलेलं पीक उभं राहत नाही, तग धरून असलेलं तेवढं वाचतं. त्यामुळं 'नस उघडली का' आणि 'स्नायू किती वाचला' हे दोन वेगळे प्रश्न आहेत. पहिल्याचं उत्तर तासाभरात मिळतं. दुसऱ्याचं थोडं त्या दिवशी, थोडं दोन-तीन दिवसांनी आणि पक्कं दोन-तीन महिन्यांनी मिळतं.

आधी या चार गोष्टींच्या वेळा लिहून काढा

कागद घ्या, नाहीतर फोनमध्ये टाइप करा: दुखायला कधी लागलं, पहिला ईसीजी कधी निघाला, या हॉस्पिटलच्या दारात कधी पोचलो, आणि वायर नसेतून पलीकडं कधी गेली. शेवटची वेळ आमच्या नोंदीत असते, विचारली की सांगतात. ईसीजीच्या पट्टीवर छापलेल्या वेळेवर विसंबू नका. छोट्या दवाखान्यांतल्या मशीनचं घड्याळ कित्येकदा भलतंच असतं, मी स्वतः पट्टीवर पेननं वेळ घालते.

यातली पहिली वेळ सगळ्यात महत्त्वाची आणि तीच सगळ्यात संदिग्ध. "सकाळपासून जरा गॅस होता" असं सांगतात. खोदून विचारलं की कळतं, रात्री दोनलाच घाम फुटून उठून बसले होते. बायका तर दुखणं अंगावर काढतातच, आणि डायबेटिस असलेल्याला छातीत दुखेलच असं नाही. नुसता दम लागतो, गळाल्यासारखं होतं, जबडा किंवा पाठ भरून येते. तेव्हा घाम, दम किंवा अस्वस्थपणा सुरू झाला ती वेळ धरा.

हा हिशेब कशाला? नेदरलँड्समधल्या झ्वोले इथल्या डॉक्टरांनी प्रायमरी अँजिओप्लास्टीच्या १,७९१ पेशंटचा अभ्यास २००४ साली मांडला. दुखणं सुरू झाल्यापासून बलून फुगेपर्यंत दर अर्ध्या तासाच्या उशिरामागं वर्षभरातल्या मृत्यूचा धोका साडेसात टक्क्यांनी वाढत होता. म्हणजे शंभरातले साडेसात जास्त दगावतात असं नव्हे, मूळ धोका त्या प्रमाणात वाढतो.

आता याची दुसरी बाजू, जी मला फार बोलकी वाटते. अमेरिकेतल्या हॉस्पिटलांनी दारात आल्यापासून बलूनपर्यंतचा वेळ कमी करायला जिवाचं रान केलं. २००५ ते २००९ या काळात तो ८३ मिनिटांवरून ६७ वर आला. हॉस्पिटलमधले मृत्यू? ४.८ टक्क्यांवरून ४.७. जवळजवळ जागच्या जागी. कारण हॉस्पिटलच्या दारापर्यंत यायला लागलेला वेळ त्या आकड्यात धरलेलाच नव्हता. आपल्याकडं तर तोच वेळ मोठा आहे. भारतातल्या ५० शहरांमधल्या ८९ हॉस्पिटलांची 'क्रिएट' नावाची पाहणी २००८ साली प्रसिद्ध झाली, वीस हजारांवर पेशंटची. दुखणं सुरू झाल्यापासून हॉस्पिटलला पोचायला निम्म्या पेशंटना ३६० मिनिटं किंवा त्याहून जास्त लागली. सहा तास! मेजर अटॅकवाल्यांपैकी ८.६ टक्के तीस दिवसांत गेले. तेव्हा अँजिओप्लास्टी शंभरातल्या आठांचीच होत होती. आता ती खूप वाढली आहे, पण घर ते हॉस्पिटल हा पट्टा अजून आमच्या भागात तरी लांबच आहे.

म्हणून कॅथलॅबमध्ये वीस मिनिटं कमी-जास्त लागली यावरून भांडण्याआधी हा कागद बघा. दोन तासांत आलेला आणि नऊ तासांनी आलेला, दोघांनाही स्टेंट तोच, निकाल मात्र वेगळा.

घरातून निघताना

हे ज्यांच्या घरी अजून काही झालेलं नाही त्यांच्यासाठी. १०८ ला फोन करा. गावात ॲम्ब्युलन्स यायला वेळ लागणार असेल आणि गाडीनंच निघायचं ठरलं, तर पेशंटला गाडी चालवू देऊ नका, आणि वाटेत जिथं ईसीजी निघतो तिथंच पहिला थांबा घ्या. पहिल्या तासा-दोन तासांत हृदयाचा ठोका बिघडून माणूस जागच्या जागी कोसळण्याची भीती सगळ्यात जास्त असते. ॲम्ब्युलन्सचा आग्रह त्यासाठी आहे, तिथं शॉक द्यायचं मशीन असतं.

ॲस्पिरिनची ॲलर्जी नसेल, नुकतंच पोटात किंवा मेंदूत रक्तस्राव झालेला नसेल, तर डॉक्टरला किंवा १०८ वाल्यांना फोनवर विचारून ३०० ते ३२५ मिलिग्रॅम ॲस्पिरिन चावून खायला द्या. घरात ७५ च्या असतील तर चार. गिळायची नाही, चावायची. स्वस्त म्हणून तिला कमी लेखू नका. १९८८ सालच्या 'आयसिस-२' या सतरा हजार पेशंटच्या चाचणीत एकट्या ॲस्पिरिननं पाच आठवड्यांतले मृत्यू जवळजवळ एक चतुर्थांशानं कमी केले होते.

सोर्बिट्रेटचं मात्र उलट. आपल्याकडं पाकिटात, देव्हाऱ्यात, गाडीच्या डॅशबोर्डमध्ये ती गोळी असते आणि जो येतो तो एक जिभेखाली ठेवतो. बीपी कमी असेल किंवा हृदयाच्या उजव्या बाजूला फटका बसला असेल तर त्या गोळीनं बीपी धाडकन खाली येतं. मर्दानी ताकदीची गोळी घेतलेल्या माणसाला ती दिली तरी तेच. हे घरच्यांसमोर कुणी कबूल करत नाही, म्हणून आम्ही सगळ्यांना बाहेर काढून एकट्याला विचारतो.

कॅथलॅब दूर असेल तर इंजेक्शनला नाही म्हणू नका

"इथं इंजेक्शन नको, थेट मोठ्या हॉस्पिटलला नेतो" हे वाक्य मला फार टोचतं. गाठ विरघळवायचं इंजेक्शन म्हणजे गरिबाचा तात्पुरता इलाज, असा समज पसरला आहे. अँजिओप्लास्टी सरस आहे हे खरं. २००३ साली २३ चाचण्या एकत्र करून ७,७३९ पेशंटचा हिशेब मांडला गेला: सुरुवातीच्या आठवड्यांत इंजेक्शनवाल्यांपैकी ९ टक्के दगावले, अँजिओप्लास्टीवाल्यांपैकी ७ टक्के. पुन्हा अटॅक येण्याचं प्रमाण ७ विरुद्ध ३, लकव्याचं २ विरुद्ध १. पण ही सरशी अँजिओप्लास्टी वेळेत होते तेव्हाची. मार्गदर्शक नियम असा आहे की निदान झाल्यापासून दोन तासांच्या आत वायर नसेतून पलीकडं जाणार नसेल तर, दुखून बारा तास झाले नसताना आणि रक्तस्रावाचा धोका नसताना, इंजेक्शन लगेच द्यायचं आणि मग पेशंटला पुढं पाठवायचं.

२०१३ ची 'स्ट्रीम' चाचणी आमच्यासारख्या भागासाठीच केल्यासारखी आहे. लवकर आलेले, पण तासाभरात अँजिओप्लास्टी शक्य नसलेले पेशंट. एका गटाला इंजेक्शन देऊन पुढं हलवलं, दुसऱ्याला थेट अँजिओप्लास्टीला नेलं. मृत्यू, शॉक (हृदयाचा पंपच बसणं), हार्ट फेल्युअर, पुन्हा अटॅक असं सगळं मिळून महिनाभरात १२.४ विरुद्ध १४.३ टक्के, म्हणजे दोन्ही जवळपास सारखे. किंमत एकच होती: मेंदूत रक्तस्राव इंजेक्शनच्या गटात १ टक्का, दुसऱ्यात ०.२. म्हणून चाचणी चालू असतानाच ७५ च्या पुढच्यांना निम्मा डोस ठरवला गेला. वय जास्त असेल तर डोसबद्दल विचारायला लाजू नका.

इंजेक्शन दिल्यावर काम संपत नाही. साठ ते नव्वद मिनिटांनी पुन्हा ईसीजी काढायचा. वर उचललेला एसटी निम्म्याहून जास्त खाली आला, दुखणं थांबलं, तर नस बहुधा उघडली आणि अँजिओग्राफी (डाय सोडून नसांचं चित्र काढणं) पुढच्या २ ते २४ तासांत करायची. खाली आला नाही, तर तातडीनं कॅथलॅब गाठायची. 'स्ट्रीम'मध्ये तीनातल्या एकाहून थोड्या जास्त पेशंटना अशी धावपळ करावी लागली होती. म्हणून इंजेक्शन दिल्यावर "रात्रभर बघू" म्हणत तिथंच थांबू नका. नव्वद मिनिटांचा ईसीजी दाखवा म्हणा, आणि त्याचा फोटो पुढच्या हॉस्पिटलला पाठवा.

तमिळनाडूत छोटी हॉस्पिटलं आणि कॅथलॅबवाली मोठी केंद्रं अशी साखळी बांधून हेच केलं गेलं. २०१७ साली छापून आलेल्या त्या अभ्यासात वर्षभरातले मृत्यू १७.६ टक्क्यांवरून १४.२ वर आले. नवीन स्टेंट नाही, नवीन औषध नाही, फक्त कुणी कुणाला कधी पाठवायचं ते ठरवलं. गोव्यातही बांबोळीचं गोवा मेडिकल कॉलेज मध्यभागी ठेवून छोट्या केंद्रांवर ईसीजी आणि इंजेक्शनची सोय याच रीतीनं केलेली आहे.

फार उशिरा आलेला पेशंट

हा प्रसंग नाजूक असतो. चार दिवस गॅसच्या गोळ्या खाऊन झाल्यावर माणूस येतो, ईसीजीत अटॅक होऊन गेलेला दिसतो, नस पूर्ण बंद. दुखत नाही, दम नाही, बीपी ठीक. अशा वेळी "आता उघडून टाका" असं नातेवाइकांनाच वाटतं. २००६ सालच्या 'ओट' चाचणीत अटॅकनंतर ३ ते २८ दिवसांनी बंद नस असलेले २,१६६ स्थिर पेशंट घेतले होते. नस उघडणाऱ्यांना न उघडणाऱ्यांपेक्षा काही फायदा झाला नाही. म्हणून डॉक्टर "औषधांवर ठेवू" म्हणाले तर तो हलगर्जीपणा समजू नका. उलट घाईनं करू म्हणाले तर विचारा: अजून दुखतंय का, दम आहे का, ठोका बिघडतोय का, कशासाठी करायची? यातलं काही असेल तर उशिरा आलेल्याचीही करतात, आणि करावीच लागते.

दारात कसा आला, यावर निम्मं ठरतं

"आमच्या शेजाऱ्याचे वडील तिसऱ्या दिवशी चालत घरी गेले, आमचेच का व्हेंटिलेटरवर?" याचं उत्तर बहुतेक वेळा दारातल्या पहिल्या पाच मिनिटांत असतं. आम्ही बघतो बीपी, नाडी, हात-पाय गार आहेत का, फुफ्फुसात खरखर ऐकू येते का, बोलणं सुसंगत आहे का.

चांगलं बीपी, स्वच्छ फुफ्फुसं आणि लवकर आलेला पेशंट, अशांत शंभरातले फार थोडे दगावतात. बीपी पडलेलं, लघवी बंद, अंग थंडगार, म्हणजे हृदयाचा पंपच बसलेला, त्याला आम्ही शॉक म्हणतो. त्यात नस उत्तम उघडली तरी महिनाभरात शंभरातले चाळीस ते पन्नास जातात. हा आकडा आजच्या काळातला, चांगल्या केंद्रांतला आहे. तरीही अशा पेशंटची नस तातडीनं उघडायचीच असते. १९९९ च्या 'शॉक' चाचणीत नस तातडीनं मोकळी केलेल्यांपैकी सहा महिन्यांत ५०.३ टक्के गेले, आधी औषधांवर ठेवलेल्यांपैकी ६३.१. "पन्नास टक्के चान्स आहे" असं डॉक्टर म्हणतात तेव्हा ते पैशासाठी घाबरवत नसतात.

घरी किंवा गाडीत हृदय थांबलं होतं आणि ते पुन्हा सुरू केलं असेल, तर निकाल हृदयापेक्षा मेंदूवर जास्त अवलंबून असतो. अशा वेळी छाती दाबायला किती मिनिटांनी सुरुवात झाली ते डॉक्टरांना खरं सांगा. अंदाजे असलं तरी चालेल.

डॉक्टरांना विचारायचे प्रश्न

चार पुरे. गर्दीनं विचारू नका, एकानं विचारा आणि दुसऱ्यानं लिहून घ्या.

कुठली नस होती? समोरची मोठी नस, जिला एलएडी म्हणतात, तिच्या सुरुवातीलाच अडथळा असेल तर जास्त स्नायू धोक्यात. उजवी नस असेल तर कधी कधी ठोके मंदावतात, मग ठोके चालू ठेवणारा तात्पुरता पेसमेकर वायरनं लावावा लागतो. घरच्यांना ती वायर बघून धडकी भरते, पण बहुतेकांची दोन-चार दिवसांत निघते.

शेवटी प्रवाह कसा मिळाला? रिपोर्टमध्ये 'टिमी' असं लिहून ० ते ३ आकडा असतो. ३ म्हणजे रक्त नसेच्या टोकापर्यंत झरझर गेलं. २ किंवा कमी असेल, तर मोठी नस उघडली पण पुढच्या बारीक नसांमध्ये गाठीचा चुरा आणि सूज आहे. आम्ही त्याला 'नो-रिफ्लो' म्हणतो. अशा पेशंटकडं जास्त लक्ष ठेवावं लागतं. ही डॉक्टरांची चूक असतेच असं नाही. उशिरा आलेल्यांत आणि गाठ मोठी असलेल्यांत हे जास्त दिसतं. कुणी नातेवाईक इंटरनेटवर वाचून "गाठ ओढून का नाही काढली" असं विचारतात. ती पद्धत एकेकाळी सरसकट वापरायचे, पण 'टेस्ट' आणि 'टोटल' या मोठ्या चाचण्यांमध्ये सरसकट वापराचा फायदा दिसला नाही. आता गरजेपुरतीच.

नंतरच्या ईसीजीत एसटी किती खाली आला? नसेचं चित्र छान आणि ईसीजी मात्र तसाच, असं असेल तर स्नायूपर्यंत रक्त नीट पोचलेलं नाही.

पंपिंग किती? हृदय दर ठोक्याला आतलं किती रक्त बाहेर ढकलतं याची टक्केवारी इकोमध्ये, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीत, येते. नॉर्मल माणसाची ५५ ते ७० च्या आसपास, शंभर कुणाचीच नसते, हे मी रोज सांगते, कारण "फक्त साठ टक्के?" म्हणून लोक रडतात. अटॅकनंतर पहिल्या दिवशी ३५ आलं तरी खचू नका. काही स्नायू जिवंत असून बधिर झालेला असतो, तो काही आठवड्यांत कामाला लागतो. खरा आकडा सहा ते बारा आठवड्यांनी, पुन्हा इको करून.

सीसीयूतले दोन दिवस

यावर फार लिहीत नाही. ठोका बिघडणं, बीपी पडणं, वायर आत घातली त्या पंक्चरच्या जागी रक्त येणं, किडनीवर डायचा परिणाम होणं, यासाठीच सीसीयूत, म्हणजे हृदयाच्या अतिदक्षता विभागात, ठेवतात. अँजिओप्लास्टी मनगटातून केली असेल तर रक्तस्राव कमी होतो. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीचा क्रिएटिनिन, म्हणजे किडनीच्या तपासणीचा आकडा, विचारून घ्या, विशेषतः डायबेटिस असेल तर. हृदयाचा पडदा फाटणं किंवा झडपेचा दोर तुटणं हे आता क्वचित होतं, शंभरात एकापेक्षा कमी. होतं तेव्हा अचानक होतं आणि फार गंभीर असतं.

"अजून दोन ब्लॉक आहेत"

इथं संशयाला सुरुवात होते. एक स्टेंट झाला, पेशंट बसून चहा पितोय, आणि डॉक्टर म्हणतात दुसऱ्या नसेतही ब्लॉक आहे, नंतर करू. "गिऱ्हाईक सापडलं" असं कुजबुजलेलं मी ऐकलेलं आहे. संशय येणं स्वाभाविक आहे, म्हणून आकडे सांगते. २०१९ ची 'कम्प्लीट' चाचणी, ४,०४१ पेशंट, सगळ्यांची अटॅकची नस उघडलेली आणि दुसरीकडंही मोठे ब्लॉक. उरलेल्यांनाही स्टेंट टाकलेल्या गटात तीन वर्षांत हृदयामुळं मृत्यू किंवा पुन्हा अटॅक ७.८ टक्के, न टाकलेल्यांत १०.५. फायदा मुख्यतः पुन्हा अटॅक न येण्यात होता. दुसरा टप्पा त्याच मुक्कामात किंवा दीड महिन्याच्या आत करत होते. म्हणजे मध्ये घरी जाऊन, विचार करून, दुसऱ्या डॉक्टरांना अँजिओग्राफीची सीडी दाखवून यायला वेळ असतो. सीडी मागून घ्या, ती तुमची आहे.

ब्लॉक ७० टक्क्यांच्या वर आहे का हे विचारा. ४०-५० टक्क्यांच्या ब्लॉकला सहसा स्टेंट लागत नाही, गोळ्या लागतात.

शॉकमधल्या पेशंटचं गणित उलटं. तिथं त्या रात्री एकच, अटॅकची नस उघडायची. २०१७ च्या 'कल्प्रिट-शॉक' चाचणीत सगळ्या नसा एकदम उघडलेल्या गटात महिनाभरात ५१.६ टक्के गेले, एकच उघडलेल्यांत ४३.३. तेव्हा "सगळंच आत्ता करून टाका, परत परत नको" असा आग्रह धरू नका.

कागद आणि पैसे

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत अँजिओप्लास्टी बसते. योजनेतल्या हॉस्पिटलमध्ये आरोग्यमित्राचं, म्हणजे योजनेच्या मदतनीसाचं, टेबल असतं, पेशंट आत गेला की घरातल्या एकानं रेशन कार्ड आणि आधार घेऊन तिथं जायचं. इमर्जन्सीत फोनवर कळवून उपचार सुरू करायची सोय आहे, कागद मागाहून देता येतात. हॉस्पिटल योजनेत आहे का हे वाटेतच १५५३८८ वर विचारून घ्या.

स्टेंटच्या किमतीवर फेब्रुवारी २०१७ पासून सरकारी मर्यादा आहे. तेव्हा औषध लावलेल्या स्टेंटची कमाल किंमत २९,६०० रुपये ठरली होती, पुढं ती वेळोवेळी बदलत गेली. बिलात स्टेंटची ओळ वेगळी दिसली पाहिजे. प्रत्येक स्टेंटच्या खोक्यावर स्टिकर असतं, त्यावर कंपनी, मापं, बॅच नंबर. ते फाइलमध्ये चिकटवलेलं आहे का ते बघा आणि फोटो काढून ठेवा. पुढं कधी एमआरआय करायची वेळ आली तर हेच विचारतात. आजकालच्या स्टेंटनं एमआरआय अडत नाही, पण स्टिकर दाखवलं की वाद मिटतो.

घरी गेल्यावर

कॅथलॅबमध्ये कमावलेलं घरी गमावलं जातं ते बहुधा गोळ्या चुकल्यामुळं. रक्त पातळ ठेवणाऱ्या दोन गोळ्या साधारण वर्षभर असतात, एक ॲस्पिरिन आणि दुसरी क्लोपिडोग्रेल, टिकाग्रेलोर किंवा प्रासुग्रेल. पहिल्या महिन्यात यातली एकही चुकली तर स्टेंटमध्ये गाठ धरण्याची भीती सर्वांत मोठी. तशी गाठ क्वचितच होते, पण झाली तर तो नवा मेजर अटॅकच असतो. गोळ्या संपायच्या चार दिवस आधी आणा. मेडिकलवाल्यानं "हीच कंपनी नाही, दुसरी देऊ?" विचारलं तर घ्या, फक्त औषधाचं मूळ नाव आणि मिलिग्रॅम तेच आहे याची खात्री करा. घरात दोन वेगळ्या नावांनी एकच गोळी दुप्पट चालू असल्याचंही सापडतं.

टिकाग्रेलोर चालू असेल तर एक गोष्ट ध्यानात असू द्या. 'प्लेटो' चाचणीत ती घेणाऱ्यांपैकी १३.८ टक्के लोकांना दम लागल्यासारखं झालं. बसल्या बसल्या एकदम मोठा श्वास घ्यावासा वाटतो, चालताना उलट काही नाही. लोक घाबरतात आणि गोळी परस्पर बंद करतात. बंद करायची नाही, डॉक्टरांना दाखवायचं. ते तपासून गरज वाटली तर दुसरी लिहून देतात. आडवं झाल्यावर दम, पायाला सूज, दोन दिवसांत दोन किलो वजन वाढलं, हे मात्र गोळीमुळं नव्हे, पंपिंगमुळं. त्याच दिवशी या.

दाताचा डॉक्टर "रक्त पातळ करायची गोळी पाच दिवस बंद करा" म्हणेल. मोतीबिंदूवाला म्हणेल. गावातला कुणी अनुभवी माणूसही म्हणेल. उत्तर एकच, "आधी आमच्या हार्टच्या डॉक्टरांशी बोला." साधा दात गोळ्या चालू ठेवूनही काढता येतो. थांबण्यासारखं ऑपरेशन पुढं ढकलता येतं.

कोलेस्टेरॉलची मोठी गोळी रिपोर्ट नॉर्मल आला म्हणून थांबवू नका, रिपोर्ट तिच्यामुळंच नॉर्मल असतो. एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, ५५ च्या खाली ठेवायचं असतं, लॅबच्या कागदावर १०० पर्यंत नॉर्मल छापलेलं असलं तरी. तंबाखू, मशेरी, बिडी, सगळं बंद. "फक्त मशेरी लावते" याला आमच्याकडं सूट नाही.

दोन-तीन महिन्यांनी इको पुन्हा करा. औषधं नीट चालू असूनही पंपिंग ३५ किंवा त्याखाली राहिलं, तर छातीत शॉक देणारं छोटं मशीन बसवायचं का याची चर्चा तेव्हा होते, डिस्चार्जच्या दिवशी नाही.

आणि डिस्चार्जच्या दिवशीचा ईसीजी मागून घ्या, त्याचा फोटो घरातल्या दोघांच्या फोनमध्ये ठेवा. मोठ्या अटॅकनंतर काहींचा एसटी कायमचा थोडा वर राहतो. सहा महिन्यांनी रात्री छातीत दुखलं आणि तुम्ही दुसऱ्याच गावच्या दवाखान्यात पोचलात, तर तिथल्या डॉक्टरला हा नवा अटॅक की जुनी खूण, हे जुना ईसीजी शेजारी धरल्याशिवाय चटकन ठरवता येत नाही.